नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका

दादा, बोअरचं पाणी सोडून फिल्टर बसवला तरी तिसऱ्यांदा मुतखडा झाला, असं तुम्ही लिहिलंय. सोनोग्राफी खडा कुठे आहे ते सांगते, का होतो ते नाही. पडलेला खडा फेकू नका, तो तपासून घ्या. रक्तात कॅल्शियम, युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं) तपासा. कॅल्शियम वाढलेलं निघालं तर पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन, तेही तपासा.

आणि मुख्य म्हणजे २४ तासांची लघवी साठवून तपासणं. सकाळची पहिली टाकायची, नंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. माझ्या भावाची पहिली तपासणी वायाच गेली. रानात गेला अन् दोन वेळची राहिली. लघवीतून क्रिएटिनिन रोज साधारण ठरावीकच पडतं, ते कमी आल्यावर डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्या दिवशी मुद्दाम ढसाढसा पाणी पिऊ नका, खाणंपिणं रोजचंच ठेवा. दुसऱ्यांदा कळलं, लघवी जेमतेम ९०० मिली अन् सायट्रेट, म्हणजे खडा होऊ न देणारा लघवीतला घटक, कमी. लघवी दिवसाला अडीच लिटर तरी व्हायला हवी. लातूरकडच्या मे महिन्यात पाणी घामातच जातं हो!

दूध-दही मात्र बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम पालक-चुक्यातलं ऑक्झलेट (ज्यापासून खडा बनतो ते) आतड्यातच धरून ठेवतं. भावानं दूध-दही वर्षभर उगाच सोडलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.