डोलकाठीला टेकू: दोन की तीन?
शिडाच्या होडीची उतरवलेली डोलकाठी ट्रेलरवर न्यायला दोन टोकांना बेचकीचे टेकू लावले की पुरे, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. ८ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची काठी टोकांवर टेकली की खड्ड्यागणिक मधोमध हिंदकळते आणि स्प्रेडरच्या (आधाराच्या तारा बाहेर ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) भोकांपाशी चीर पडू शकते. नुसती ठेवायची असेल तर दोन टेकू चालतात, पण टोकांपासून लांबीच्या साधारण २१ टक्के आत, म्हणजे इथे १.७ मीटरवर. प्रवासात मधे तिसरा हवाच. तिन्ही एका रेषेत आहेत ना, ते काठीलगत दोरी ताणून तपासा. मधला उंच झाला तर सगळा भार त्याच्यावर येतो. शिडाची कड जिच्यात सरकते ती काठीची खाच वर किंवा खाली ठेवा, कुशीला नको, कारण काठी होडीच्या पुढे-मागे दिशेत जास्त ताठ असते.

ब्रेक लागला की काठी पुढे सरकते. आडवे पट्टे ते रोखत नाहीत. काठीच्या बुंध्यापासून पुढे आणि मागे वेगळे दोर बांधा. पट्टे अति आवळू नका, पोचा येतो. स्प्रेडर काढा, टर्नबकल (तारा आवळायचे स्क्रू) कापडात गुंडाळा.

टेकूवर गालिचा असेल तर पावसाळ्याआधी काढून रबर लावा. ओला गालिचा महिनोन्‌महिने चिकटून राहिला की खाली अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात.