मतपत्रिकेवरची मधली दहा नावं

(अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मराठी मंडळाच्या ई-मेल लिस्टवरून)

विषय: सँपल बॅलट – ही खालची मंडळी कोण?
१८ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये सिटिझनशिपची शपथ झाली, त्यामुळे हे माझं पहिलंच मतदान. काल कौंटीच्या साइटवरून सँपल बॅलट, म्हणजे नमुन्याची मतपत्रिका, उतरवून घेतलं. राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस, गव्हर्नर इथवर ठीक. त्याच्या खाली मात्र रांगच लागली आहे: ऑडिटर, शेती आयुक्त, विमा आयुक्त, कामगार आयुक्त... ऑडिटर कधी कुणी निवडून देतं का हो? नवऱ्याचं म्हणणं, वरचे चार गोल भर आणि बाकीचं कोरं सोड. असं चालतं का?

स. (मॉरिसव्हिल)

---

विषय: उत्तर – सँपल बॅलट
१८ ऑक्टोबर २०२४

चालतं. कोरं सोडलं तरी भरलेली मतं मोजतात. पूर्वी एकच गोल भरून अख्ख्या पक्षाला मत देता यायचं, ती सोय २०१४ पासून बंद. आता एकेक गोल पेनानं भरत बसायचं.

नि. (एपेक्स)

---

विषय: उत्तर – सँपल बॅलट (जरा लांबलंय, चहा घेऊन बसा)
१९ ऑक्टोबर २०२४

स. ताई, आधी अभिनंदन. चालतं हे खरं, पण कोरं सोडू नका, एवढ्यासाठी लिहितोय. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आपल्या डोक्यात मंत्रालय बसलेलं असतं. मुख्यमंत्री ठरले की खातेवाटप त्यांचं, रुसवेफुगवे निस्तरायचे तेही त्यांनीच. नॉर्थ कॅरोलायनात दहा पदं थेट लोकांनी भरायची, असं राज्यघटनेतच लिहिलंय. या दहांची मिळून ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ होते आणि त्यातल्या कुणालाही गव्हर्नर घरी पाठवू शकत नाही. गावाकडे थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं असलं की काय तमाशा होतो, तो पाहिलाय ना? इथं तशी दहा स्वतंत्र संस्थानं आहेत.

गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर हेसुद्धा जोडीनं उभे राहत नाहीत. २०२० मध्ये राज्यानं डेमोक्रॅट रॉय कूपर आणि रिपब्लिकन मार्क रॉबिन्सन अशी जोडी निवडून दिली. गव्हर्नर राज्याबाहेर गेला की कारभार लेफ्टनंटकडे जातो. गेल्या ऑक्टोबरात कूपर जपानला गेले, तर इकडे रॉबिन्सन यांनी हंगामी गव्हर्नर म्हणून इस्रायलच्या समर्थनाचा जाहीरनामा काढला. यंदा जुलैत कूपर उपराष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाजूला झाले, त्याच्या कारणांमध्ये त्यांनी ‘मी बाहेर गेल्यावर मागे काय होईल’ हेही सांगितलं.

आता तुमच्या ‘खालच्या मंडळीं’कडे येतो. सध्या रॅलेत स्टेट फेअर चालू आहे, आपली निम्मी लिस्ट तिथेच असेल. ही जत्रा भरवतं शेती खातं. तुमची मुलं ज्या पाळण्यात बसतात तो तपासून चालवायची परवानगी देतं कामगार खातं. येताना गाडीत पेट्रोल भराल, तेव्हा पंपावर तपासणीचा स्टिकर बघा. तो पुन्हा शेती खात्याचा. माप बरोबर आहे की नाही हे तेच बघतात. स्टीव्ह ट्रॉक्सलर २००५ पासून त्या खुर्चीत आहेत. या पदांना मुदतीचं बंधन नाही; सलग दोनच वेळा हा नियम फक्त गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांना. इथले एक सेक्रेटरी ऑफ स्टेट, थॅड यूर, १९३६ ला बसले ते १९८९ ला उठले.

कामगार आयुक्ताला तर इथली पोरंटोरं ओळखायची. लिफ्टमध्ये तपासणीचा कागद लावलेला असतो. शेरी बेरी यांनी त्यावर स्वतःचा फोटो छापायला सुरुवात केली. सकाळी ऑफिसला जाताना बाई हसून बघायच्या, संध्याकाळी परतताना पुन्हा त्याच. फुकटात असा प्रचार मी दुसरा पाहिला नाही. वीस वर्षं टिकल्या. यंदाचे रिपब्लिकन उमेदवार ल्यूक फार्ली लिफ्टमध्ये फोटो परत आणतो म्हणून मतं मागताहेत. हसू येतं, पण बांधकामावरच्या कामगारांची सुरक्षितता बघणारं खातंही हेच.

माझ्या मते घर असलेल्यांनी सगळ्यात नीट बघायचं पद म्हणजे विमा आयुक्त. घराच्या विम्याची दरवाढ मागायला सगळ्या कंपन्यांच्या वतीनं एक रेट ब्युरो असतो. त्यानं या जानेवारीत सरासरी ४२.२ टक्के वाढ मागितली, किनाऱ्याच्या काही भागात तर ९९ टक्क्यांपर्यंत. आयुक्त माइक कॉझी यांनी ती फेटाळली, आणि याच महिन्यात त्यावर सुनावणी सुरू झाली. त्यांच्यासमोर डेमोक्रॅट नताशा मार्कस उभ्या आहेत. दोघांचं या वाढीबद्दल काय म्हणणं आहे ते वाचा. राष्ट्राध्यक्ष कुणीही होवो, तुमचा एस्क्रोचा (गृहकर्जाच्या हप्त्यासोबत विम्यासाठी जमा होणाऱ्या रकमेचा) आकडा या सुनावणीच्या खोलीत ठरतो.

युनिव्हर्सिटीत आणि शाळांत नोकरी करणाऱ्यांनी ट्रेझरर, म्हणजे राज्याचा खजिनदार, बघावा. सरकारी नोकर आणि शिक्षकांची स्टेट हेल्थ प्लॅन त्याच्याच खात्याकडे. या एप्रिलपासून वजन कमी करायच्या महागड्या इंजेक्शनांचा खर्च त्यांनी बंद केला, जानेवारीपासून ब्लू क्रॉस ही कंपनी जाऊन एटना येतेय. तुमच्यापैकी कितीजणांनी या दोन्हींबद्दल माझ्याकडे फोनवर कुरकुर केलीय, आठवा.

शाळा अधीक्षकाची लढत यंदा सगळ्यात तापलेली आहे. मो ग्रीन हे गिलफर्ड कौंटीच्या शाळांचे माजी प्रमुख. मिशेल मॉरो या मुलांना घरी शिकवलेल्या, आणि मार्चच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) त्यांनी स्वपक्षाच्याच विद्यमान अधीक्षकांना हरवलं. इथं वेगळं सांगायला नको.

सेक्रेटरी ऑफ स्टेट इथं निवडणुका घेत नाही, शेजारच्या जॉर्जियात घेतो. इथं ते पद कंपन्यांची नोंदणी आणि नोटरी यांचं. ज्यांनी एलएलसी (मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या) काढल्यात ते दरवर्षी १५ एप्रिलच्या आत २०० डॉलर तिथंच भरतात. इलेन मार्शल १९९६ मध्ये पहिल्यांदा निवडून आल्या, तेव्हा समोर कोण होतं? रिचर्ड पेटी! नॅसकार मोटारशर्यतींचा बादशहा, आणि तोही नॉर्थ कॅरोलायनात. बाई जिंकल्या आणि अजून तिथंच आहेत.

ऑडिटर राहिला. तो सरकारी खात्यांचे हिशोब तपासतो. आधीच्या बेथ वुड यांनी गेल्या डिसेंबरात राजीनामा दिला. कूपर यांनी त्या जागी जेसिका होम्स यांना नेमलं. रिपब्लिकन डेव्ह बोलिक त्यांच्या विरोधात आहेत. या पदावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मतदान लवकर उरका. अर्ली व्होटिंग, म्हणजे मुख्य दिवसाआधीचं मतदान, २ नोव्हेंबरच्या शनिवारी दुपारी ३ ला संपतं, आणि तो नेमका पाडवा. फोटो आयडी लागेल. नाव नोंदवायचं राहिलं असेल तर अर्ली व्होटिंगच्या केंद्रावर त्याच दिवशी नोंदवता येतं, मुख्य मतदानाच्या दिवशी, ५ तारखेला नाही.

तुमचा, अ. (केरी)

---

विषय: उत्तर – सँपल बॅलट
१९ ऑक्टोबर २०२४

काका, मस्त. पण एक जोडा: ग्रीन कार्डवाल्यांनी हौसेनं किंवा डीएमव्हीच्या (वाहन परवाना खात्याच्या) फॉर्मवर घाईघाईत टिक करून नोंदणी करू नये. मत दिलं तर गुन्हा, आणि पुढे सिटिझनशिपच्या वेळी तेच आडवं येतं. विम्याचा हप्ता भरायला मात्र आपण चालतो!

के. (डरहॅम)

---

विषय: सचिवांकडून
२० ऑक्टोबर २०२४

सर्वांना नमस्कार. काल रात्री एका सभासदांनी गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराला मत द्या असं आवाहन पाठवलं होतं. ते लिस्टवर सोडलेलं नाही. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली सेवाभावी संस्था आहे. कोणतं पद काय करतं, मतदान कधी, याची माहिती द्यायला हरकत नाही. उमेदवाराचा प्रचार मंडळाच्या लिस्टवर नको. २० नोव्हेंबरच्या महाराष्ट्रातल्या मतदानावरून जे रणकंदन चाललंय, तेही स्वतंत्र विषयाखाली न्यावं. दिवाळी कार्यक्रमाची आरएसव्हीपी अजून निम्म्यांनी दिलेली नाही.

---

विषय: उत्तर – सँपल बॅलट
२० ऑक्टोबर २०२४

मला हे पटत नाही काका. शेती आयुक्त म्हणजे नेमायचं पद. मी बायोटेकमध्ये, मला तंबाखू आणि रताळ्यातलं काय कळतं? गव्हर्नरला टीम निवडू द्या आणि चार वर्षांनी त्याला जाब विचारा. दहा जणांना निवडलं की जबाबदार कोणीच नाही.

आणि अवांतर: आपल्यापैकी कोणी अशा पदाला उभं राहिलंय का? बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत होते, तिसरे आले. आता काँग्रेसमध्ये आहेत. इथं कोणी?

प. (चॅपल हिल)

---

विषय: उत्तर – सँपल बॅलट
२० ऑक्टोबर २०२४

प., मुद्दा चुकीचा नाही. पण या राज्याला गव्हर्नरच्या हाती सत्ता देणं मुळातच नकोसं वाटतं. इथल्या गव्हर्नरला व्हेटो (विधेयक नाकारायचा अधिकार) कधी मिळाला माहितेय? १९९६ ची घटनादुरुस्ती, १९९७ पासून लागू. पन्नास राज्यांत सगळ्यात शेवटी. जे कायदेमंडळ व्हेटो द्यायला इतकी वर्षं घेतं, ते दहाही खाती त्याला देऊन टाकेल असं वाटतं?

अ.

---

विषय: निकाल
७ नोव्हेंबर २०२४

राष्ट्राध्यक्षपदाला ट्रम्प, आणि त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नरपदाला डेमोक्रॅट जॉश स्टाइन, तेही जवळपास १५ टक्क्यांनी. कौन्सिल ऑफ स्टेट पाच-पाच. डेमोक्रॅट: गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर रेचल हंट, अ‍ॅटर्नी जनरल जेफ जॅक्सन, मार्शल, मो ग्रीन. रिपब्लिकन: बोलिक, ट्रॉक्सलर, कॉझी, फार्ली आणि ट्रेझरर ब्रॅड ब्राइनर. म्हणजे लोकांनी गोल खालपर्यंत वेगवेगळे भरले. मीही सगळे भरले, नवऱ्यानं सहा.

स. (मॉरिसव्हिल)

---

विषय: उत्तर – निकाल (ऑडिटर!)
१२ डिसेंबर २०२४

मंडळी, ज्या पदावर ‘जास्त लिहिण्यासारखं काही नाही’ असं काका म्हणाले होते, त्याची बातमी. हेलीन वादळाच्या मदतीच्या नावाखाली १३१ पानांचं विधेयक आलं. कूपर यांनी व्हेटो केलं, काल हाऊसनं (कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहानं) तो व्हेटो मोडला. आतापर्यंत राज्याचं निवडणूक मंडळ गव्हर्नर नेमायचा, आता ते ऑडिटर नेमणार! ऑडिटर रिपब्लिकन, गव्हर्नर डेमोक्रॅट, एवढं लक्षात घेतलं की पुरे. अ‍ॅटर्नी जनरलनं कोर्टात कायदेमंडळाच्या विरुद्ध भूमिका घ्यायची नाही, शाळा अधीक्षकाचेही अधिकार कमी, हे त्याच कागदात. जानेवारीत हाऊसमध्ये रिपब्लिकनांकडे ७२ ऐवजी ७१ जागा उरणार, व्हेटो मोडायला एक कमी. म्हणून ही घाई. कूपर २०१६ ला निवडून आले त्या डिसेंबरातही हेच झालं होतं.

के. (डरहॅम)

---

विषय: उत्तर – निकाल (ऑडिटर!)
१२ डिसेंबर २०२४

बघा, म्हणूनच म्हणत होतो नेमणूक बरी. ऑडिटरला मत देताना कोणाच्या मनात निवडणूक मंडळ होतं?

प.

---

विषय: उत्तर – निकाल (ऑडिटर!)
१२ डिसेंबर २०२४

कोणाच्याच नाही. पण ते अधिकार हलवले कोणी? कायदेमंडळानं. गव्हर्नरनं ऑडिटर नेमला असता तर त्यांनी आणखी कुठं हलवले असते. २०२६ ला हाऊस आणि सिनेटची मतपत्रिका येईल तेव्हा पुन्हा भेटू.

अ.

---

विषय: उत्तर – निकाल (ऑडिटर!)
१० मे २०२५

अपील कोर्टानं कायदा लागू होऊ दिला, बोलिक यांनी निवडणूक मंडळावर पाच जण नेमले, तीन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. नव्या मंडळानं पहिल्याच बैठकीत संचालक कॅरन ब्रिन्सन बेल यांच्या जागी सॅम हेज यांना आणलं.

के.

---

विषय: उत्तर – निकाल (आता विमा)
११ मे २०२५

काका, घराच्या विम्याच्या ४२ टक्क्यांचं काय झालं? आमचं रिन्यूअल जूनच्या शेवटी आहे, आणि कंपनीचं पत्र आलंय.

स. (मॉरिसव्हिल)

---

विषय: उत्तर – निकाल (आता विमा)
११ मे २०२५

जानेवारीत तडजोड झाली. यंदा १ जूनपासून सरासरी साडेसात टक्के, पुढच्या १ जूनला आणखी साडेसात. म्हणजे तुम्ही नव्या दरात सापडलात. पण पत्र फेकू नका. मंजूर दरापेक्षा जास्त आकारायचं असेल तर कंपनीला तुमची संमती लागते, आणि तसा मजकूर मध्येच कुठेतरी बारीक अक्षरात असतो. तो सापडला तर आधी दुसऱ्या दोन कंपन्यांकडून भाव घ्या, मग सही करा. फोटो काढून पाठवा, बघतो.

अ. (केरी)