आर्मीतून रिटायर झालोय, पुण्यात उद्योजकाचा बॉडीगार्ड म्हणून ऑफर आहे, घेऊ का?

सातारी_हवालदार:
नमस्कार मंडळी. मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं सर्व्हिस करून दोन महिन्यांपूर्वी घरी आलोय, वय ३७, गाव सातारा जिल्ह्यात. पेन्शन आहे पण पोरीचं शिक्षण आणि घराचं कर्ज धरलं तर भागत नाही. ओळखीतून पुण्यातल्या एका एजन्सीची ऑफर आलीये, एका कंपनीच्या मालकांबरोबर पीएसओ (पर्सनल सिक्युरिटी ऑफिसर, म्हणजे बॉडीगार्ड) म्हणून, महिना ३८ हजार, राहायची सोय त्यांचीच. स्वतःचं गन लायसन्स आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. माझ्याकडे आहे, सातारच्या कलेक्टर ऑफिसचं. आता खरं सांगतो मला काय खातंय ते, गावातला एक जण असंच काम करायचा आणि शेवटी मॅडमच्या पिशव्या उचलणं आणि कुत्रं फिरवणं एवढंच राहिलं त्याच्याकडे. मला कामाची लाज नाही, पण १७ वर्षं जे शिकलो त्याचा उपयोग तरी व्हावा असं वाटतं. कुणी या लाइनमध्ये असेल तर मोकळेपणाने सांगा.

लोकल_ते_लँडक्रूझर:
भाऊ, मी ११ वर्षं मुंबईत हेच करतोय, आधी चार वर्षं एका फॅमिलीकडे आणि आता एका कॉर्पोरेट साहेबांकडे. तुमची भीती बरोबर आहे, पण त्यावर उपाय पहिल्या दिवशीच होतो, नंतर होत नाही. पिशवी उचलायची नाही यात मानापमान काही नाही, हात मोकळे नसतील तर वेळेला काय करणार, आणि हे साहेबांना पहिल्याच दिवशी शांतपणे सांगायचं. मी सांगितलं होतं, ते लगेच समजले, उलट त्यांनीच ड्रायव्हरला बॅग घ्यायला सांगितली.

आता काम काय ते. लोकांना वाटतं सफारी घालून छाती काढून उभं राहायचं. खरं काम आदल्या दिवशी होतं. साहेब उद्या कुठे जाणार, गाडी कुठल्या गेटला लागणार, लिफ्ट कुठली, मागचा जिना कुठे उघडतो, जवळचं ट्रॉमाचं (गंभीर जखमींचं) हॉस्पिटल कुठलं आणि संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये तिथं पोचायला किती मिनिटं लागतात, हे सगळं स्वतः जाऊन बघायचं. आम्ही त्याला अ‍ॅडव्हान्स म्हणतो, तुम्ही फौजेत रेकी म्हणत असाल, तेच. १६ जानेवारी २०२५ ला अभिनेता सैफ अली खानवर घरात चाकूहल्ला झाला तेव्हा लीलावती हॉस्पिटलला रिक्षाने जावं लागलं, एवढा मोठा माणूस. ते वाचून मी त्याच दिवशी साहेबांच्या बिल्डिंगमध्ये नियम केला की रात्री एक गाडी आणि चावी कायम खाली तयार.

आणि सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे गाडीचा दरवाजा ते इमारतीचा दरवाजा, ती वीस-पंचवीस पावलं. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या रात्री, राजकीय नेते बाबा सिद्दीकींवर वांद्र्यात त्यांच्या मुलाच्या ऑफिसबाहेरच गोळ्या झाडल्या, फटाके वाजत होते, सोबत पोलीस गार्ड असूनही. उघड्यावर जेवढं कमी थांबाल तेवढं चांगलं, म्हणून गाडी दाराला टेकवायची, साहेबांना फोनवर बोलत फुटपाथवर उभं राहू द्यायचं नाही. याच्यासाठी तोंडात गोडवा लागतो भाऊ, ऑर्डर दिलेली मालकाला चालत नाही.

दुसरं, रोज एक रस्ता नको. जर्मनीत डॉइच बँकेचे प्रमुख हेरहाउझेन ३० नोव्हेंबर १९८९ ला घरातून निघाले, बुलेटप्रूफ मर्सिडीज, पुढे-मागे सिक्युरिटीच्या गाड्या, तरी रस्त्याकडेच्या सायकलवर ठेवलेल्या बाँबने गेले, कारण त्यांचा नेहमीचा रस्ता मारेकऱ्यांना माहीत होता. मी नवीन पोरांना हे नेहमी सांगतो.

कोल्हापूरची_ताई:
वरच्या दादांचं बरोबर आहे, मी थोडं जोडते. मी एका फॅमिलीत लेडी पीएसओ आहे, मॅडम आणि दोन मुलं. या कामात नजर शिकावी लागते, चेहऱ्याकडे नाही तर हातांकडे बघायचं. शाळेच्या गेटवर दोनशे लोक असतात, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसलात तर काहीच दिसत नाही.

अजून एक, गोळी चालली तर उलट गोळी चालवणं हे पहिलं काम नाही. साहेबांना झाकायचं आणि तिथून काढायचं. ३० मार्च १९८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा त्यांच्या सुरक्षेतला एक एजंट, टिम मकार्थी, हात पसरून मध्ये उभा राहिला आणि गोळी पोटात घेतली, तोवर दुसरे एजंट जेरी पार यांनी रेगनना गाडीत ढकललं. निघाले व्हाइट हाउसकडे, पण वाटेत तोंडातून रक्त येताना दिसलं आणि पार यांनी गाडी हॉस्पिटलला वळवली, त्याने जीव वाचला. फौजी माणसाला हेच जड जातं, कारण तुम्हाला शत्रूवर चालून जायला शिकवलेलं असतं आणि इथं पाठ फिरवून पळवून न्यायचं असतं. फर्स्ट एडचा कोर्स नक्की करा, रक्त थांबवणं आणि सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून श्वास देणं). आजवर मला गन एकदाही काढावी लागली नाही, पण मॅडमच्या सासऱ्यांना जेवताना अटॅक आला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सीपीआर मीच दिला.

कागदपत्रवाला:
एजन्सीत ऑपरेशन्स बघतो, म्हणून कागदाचं सांगतो. एजन्सीकडे पसारा कायद्याचं, म्हणजे २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याचं लायसन्स आहे का ते आधी बघा, नंबर मागून घ्या. तुम्ही माजी सैनिक म्हणून ट्रेनिंग छोटं असतं, बाकीच्यांना १०० तास वर्ग आणि ६० तास फील्ड, माजी सैनिकांना ४० आणि १६. पोलिसांसारखा किंवा मिलिटरीसारखा दिसणारा ड्रेस कुणी घालायला सांगितला तर सरळ नाही म्हणा, तो याच कायद्यात गुन्हा आहे.

लायसन्स सातारचं आहे आणि राहणार पुण्यात, तर पत्ता बदलल्याची नोंद करून घ्या. त्यावर एरिया फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल तर साहेबांबरोबर गोव्याला किंवा दिल्लीला गन न्यायची नाही, साहेब कितीही म्हणाले तरी. केस तुमच्यावर होईल, साहेबांवर नाही. आणि लग्नात हवेत बार काढायला सांगणारे मालक असतात, माझ्या ओळखीच्या एका गनमॅनची नोकरी त्यातच गेली. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हर्ष फायरिंगला (आनंदात हवेत गोळीबार) दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पगार ३८ हजार म्हणजे ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू नाही, त्याची पगाराची मर्यादा २१ हजार आहे. तुम्हाला दवाखान्यासाठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असेल, पण ड्युटीवर जीवाचं काही झालं तर घरच्यांना काय, म्हणून अपघात विम्याची पॉलिसी लेखी मागा. ड्युटी किती तास, आठवड्याची सुट्टी कुठली, बदली माणूस कोण, हे सगळं ऑफर लेटरमध्ये पाहिजे.

दारातली_रांगोळी:
माझे मिस्टर नऊ वर्षं या कामात आहेत म्हणून लिहिते. भाऊ, सुट्टीचं खरंच लेखी घ्या. गणपती, दिवाळी, पोरांचा गॅदरिंगचा कार्यक्रम, साहेबांची ट्रिप नेमकी त्याच वेळी असते. फौजेत निदान वर्षाची रजा ठरलेली असायची, इथे रात्री अकराला फोन येतो की पहाटे चारला एअरपोर्ट. आणि घरी आल्यावरही यांची नजर दाराकडेच असते, हॉटेलात गेलो तरी भिंतीला पाठ लावूनच बसतात. माणूस चांगलाच आहे, पण वहिनींशी आधी नीट बोला.

सातारी_हवालदार:
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला सगळे रिप्लाय वाचून दाखवले, तिने सुट्टीचा मुद्दा दोनदा वाचायला लावला. एकच विचारतो, सोमवारी साहेबांना भेटायचंय, पिशवीचा विषय त्यांच्यासमोर काढू का एजन्सीकडे?

लोकल_ते_लँडक्रूझर:
साहेबांसमोरच, पण तक्रारीच्या सुरात नको. त्यांना आधी विचारा की घर, ऑफिस आणि फॅक्टरीच्या दारापाशी गाडी कशी लागते ते मला एकदा बघू द्याल का. चांगला मालक असेल तर खुश होईल, आणि जो म्हणेल कशाला एवढं, नुसतं बरोबर उभं राहा, तिथे तुम्हाला तुमच्या गावच्या माणसासारखंच काम मिळेल, ती ऑफर सोडून द्या. बाकी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि लायसन्स, तिन्हीची झेरॉक्स बरोबर ठेवा, ओरिजिनल कुणाकडे सोडू नका.