म्युआंग खूनचं पडकं विहार: अर्धा दिवस घालवावा का?

चिमणीची_शेपटी: पुढच्या महिन्यात आईला (वय ६८) घेऊन लाओसला चाललेय. फोन्सवानला दोनच दिवस आहेत. रांजणांचं मैदान (प्राचीन दगडी रांजण विखुरलेत ते) बघणारच. पण तीसेक किलोमीटरवर म्युआंग खूनला ‘वाट फिया वाट’ हे बौद्ध विहार आहे, बॉम्बहल्ल्यात पडलेलं (नावातच दोन वाटा!). पडक्या भिंतींसाठी एवढं जावं का? आईला चढउतार झेपत नाही.

पायपीट: जा. दमछाक होईल असं काही नाही. आणि भिंती बघायला जाऊच नका, त्या फारशा उरल्याच नाहीत. विटांचे खांब, वर आभाळ, मधे बसलेला मोठा बुद्ध. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. फुअन राज्याची ही जुनी राजधानी त्यात अशी बेचिराख झाली की प्रांताचं ठाणंच पुढे फोन्सवानला गेलं.

मी पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. एक आजी आल्या, चपला काढल्या, खांद्यावरच्या उपरण्याने बुद्धापुढच्या ओट्यावरचं पाणी टिपलं आणि उदबत्ती लावली. तीनदा विझली, तीनदा लावली. तेव्हा माझं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. मी बूट घालूनच हिंडत होतो! छप्पर नाही, तर मला ते बाहेरच वाटलं होतं. आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतरचे फोटो मी काढलेच नाहीत.

रानवारा: रांजणांपाशी मात्र जपून. जमिनीत लाल-पांढऱ्या खुणा बसवल्यात, पांढऱ्या बाजूलाच राहायचं. देशभर पडलेल्या सत्तावीसेक कोटी छोट्या बॉम्बांपैकी सुमारे तीस टक्के फुटलेच नाहीत. तिथले लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. चेंडूएवढे असतात, म्हणून पोरं उचलतात. आईंना रानफुलं खुडायची सवय असेल तर आधीच बजावा.

चिमणीची_शेपटी: अहो, आहेच सवय! बजावते. जायचं ठरलं. आई विचारतेय, विहारात वाहायला फुलं कुठे मिळतील?

पायपीट: मी नेली नव्हती, त्यामुळे नक्की दुकान सांगता येणार नाही. सकाळी फोन्सवानच्या बाजारात बघा. आणि काकूंना नाडीचे बूट घालू देऊ नका, झटकन निघतील अशा चपला बऱ्या.