मदत हवी आहे: टुंड्रात झाडं नेमकी का वाढत नाहीत?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. मुलीला टुंड्रावर प्रोजेक्ट दिलंय आणि तिच्या गाइडमधे कारण एवढंच की जमीन खाली बारा महिने गोठलेली, मुळं खोल जात नाहीत, म्हणून झाडं नाहीत. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो, पाणी खाली मुरत नाही, सगळा चिखल, इथपर्यंत पटलं. पण मग सायबेरियात याकुत्स्कला पण जमीन गोठलेलीच आहे ना, हिवाळ्यात उणे 40 च्या खाली जातं आणि तरी तिथे लार्चची जंगलंच्या जंगलं उभी आहेत! वाचलं की सगळ्यात गरम महिन्याची सरासरी साधारण 10 डिग्रीच्या खाली राहिली तर झाडाला उंच वाढायला जमतच नाही, आणि याकुत्स्कचा जुलै तर त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणजे थंडी जास्त हे कारण नसून उन्हाळा कमी पडतो असं धरायचं का? आणि आर्क्टिक विलो (टुंड्रातलं एक बुटकं झुडूप) जमिनीला चिकटून जगतो तो वाऱ्यापासून वाचतो म्हणून की जमिनीलगत ऊब जास्त असते म्हणून? बॉटनी किंवा भूगोलवाले कोणी असतील तर प्लीज सोप्या भाषेत सांगा, सोमवारी जमा करायचंय, आमचे हे नुसतं गूगल कर म्हणतात.