तिवराची फॅमिली नक्की कुठली? लेबलवर काय लिहू?

विक्रोळी_स्लो:
नमस्कार मंडळी, एमएस्सी पार्ट वन, हर्बेरियम (वाळवून शीटवर चिकटवलेल्या झाडांच्या नमुन्यांचं) सबमिशन डोक्यावर आलंय. कॉलेजच्या ट्रिपमध्ये, परवानगी काढून, भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूचं खारफुटीतलं तिवर घेतलेलं फुलासकट, म्हणजे ॲव्हिसेनिया मरीना. शीट तयार आहे पण फॅमिली काय टाकू? कुकच्या फ्लोरात (मुंबई इलाख्यातल्या झाडांचं जुनं पुस्तक) व्हर्बिनेसी, डिपार्टमेंटच्या जुन्या शीटवर ॲव्हिसेनिएसी, नेटवर बघावं तर ॲकँथेसी, म्हणजे चक्क अडुळसा आणि कारवीची फॅमिली! कारवी मी २०२४ ला कान्हेरीला बघितलीय, केवढं ते जांभळं फूल, आणि तिवराचं नखाएवढं पिवळं, चार पाकळ्यांचं, हे दोघं भाऊबंद कसे काय? आणि व्हायव्हाला मॅडम पॉलिनेशन विचारतातच, फॅमिली एक म्हणजे पॉलिनेटर पण तेच असं ठोकून दिलं तर चालेल का?

पेरं_बघ_आधी:
ॲकँथेसीच लिही, आणि पुढे एपीजी ४, २०१६ (डीएनएवर बेतलेली वर्गीकरणाची सिस्टिम) असं टाक म्हणजे कोणाची सिस्टिम वापरलीस ते कळेल. घोळ सगळा फळामुळे झाला. ॲकँथेसीतल्या बहुतेकांची बोंडं तडकतात आणि आतल्या हुकासारख्या आकड्यांमुळे बिया उडतात, कारवीची सुकी बोंडं पुढच्या पावसात भिजली की तडतड फुटतात ते ऐकलं असशील. तिवराचं तसं काहीच नाही, एकच बी आणि ती फळात असतानाच रुजायला लागते, मग जुन्या लोकांनी ते दुसरीकडे ठेवलं त्यात त्यांची काय चूक. २००२ साली डीएनए लावून बघितलं तेव्हा ते ॲकँथेसीच्या आत, थनबर्जिया या वेलींच्या जवळ जाऊन बसलं. तुझ्याच शीटवर फांदीची पेरं बघ, सांध्याला फुगलेली दिसतील, अडुळशाचीही तशीच.

पॉलिनेटरचं मात्र अजिबात ठोकू नकोस, मार्क जातील. फुलाचा आकार येणाऱ्या पाहुण्यावर ठरतो, खानदानावर कमी. अडुळशाचं फूल दोन ओठांचं, भुंगा खालच्या ओठावर उतरतो आणि वरच्या ओठाखालचे दोन पुंकेसर त्याच्या पाठीला पराग फासतात. तिवराचं फूल उथळ, मध उघड्यावर, चार पुंकेसर, मधमाशी येते, माशी येते, गांधीलमाशी येते, कोणालाही मनाई नाही.

कपाट_नं_७:
वरचं बरोबर, पण जुनं नाव खोडून टाकू नका रे. आपल्याकडच्या कितीतरी हर्बेरियमची कपाटं अजून बेंथम-हूकरच्या जुन्या वर्गीकरणाच्या क्रमाने लावलेली आहेत, ती सिस्टिम १८६२ ते १८८३ मधली, आणि शीट शोधायला आलेला माणूस व्हर्बिनेसीच्याच कप्प्यात हात घालणार. रिमार्कमध्ये लिहून ठेव. कारवीचंही तेच, ब्रेमेकांप या वनस्पतीतज्ज्ञाने १९४४ ला तिच्या स्ट्रोबिलँथिस या जीनसचे तुकडे केले तेव्हा ती कार्व्हिया कॅलोसा झाली, आता परत स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. जुन्या शीटवर दोन्ही सापडतील.

बोरिवली_ईस्ट:
मला फॅमिलीतलं ओ की ठो कळत नाही पण कारवीचा मध कोणाकडे असेल तर सांगा 😄 परत २०३२ लाच ना?

कपाट_नं_७:
हो, आठ वर्षांनी. एकदम सगळा डोंगर फुलतो, मधमाश्यांची चंगळ, बी धरून झालं की झाड मरतं. मधाच्या नावाखाली काय काय विकतात ते मात्र विचारू नका.

विक्रोळी_स्लो:
थँक्यू सगळ्यांना 🙏 अजून एक, तिवराच्या काही फुलांत पराग दिसतात आणि काहींत नुसती दोन फाट्यांची कुक्षी, दोन प्रकारची फुलं असतात का?

पेरं_बघ_आधी:
नाही, एकच फूल, वय वेगळं. आधी परागकोश फुटतात, कुक्षीचे फाटे नंतर उघडतात, म्हणजे त्याच फुलाचा पराग त्यालाच लागायची शक्यता कमी. पण शेजारच्या फुलावरून माशी आली तर झाड तेच, त्याला कोण अडवणार. दोन्ही वयाची फुलं शीटवर असतील तर पाकिटात वेगवेगळी ठेव आणि व्हायव्हाला मॅडमना लेन्सखाली दाखव.