जनाबाईचा पदर चित्रांत कायम डोक्यावरच का?

प्रश्न :
आमच्या देवघराशेजारी जनाबाईचे जुने कॅलेंडरचित्र आहे. जात्याच्या एका बाजूला ती, समोर मुकुट घातलेला विठ्ठल, दोघांचे हात एकाच खुंट्यावर आणि तिचा पदर पार कपाळावर आलेला. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ असे म्हणून टाळ-वीणा घेऊन निघणारी जनाबाई मात्र मला अशा चित्रांत कधी भेटली नाही. तिचे हे सामर्थ्य चित्रकारांना दिसलेच नाही, की दाखवायचे नव्हते?

प्रतिसाद १ :
पदराचे म्हणणे पटते, पण जात्याच्या चित्राला मी दुबळे म्हणणार नाही. नामदेवांच्या घरची दासी दळते आहे आणि तिच्यासाठी विटेवरचा देव खाली येऊन बसला आहे. जागा सोडली ती देवाने, तिने नव्हे.

प्रतिसाद २ :
मुक्ताबाईचे काय? चालत्या भिंतीच्या चित्रात वाघावरच्या चांगदेवांसमोर सगळे तेज ज्ञानदेवांभोवती असते आणि ती कडेला, सर्वांत लहान. वास्तविक परंपरा सांगते की चांगदेवांनी गुरू मानले ते मुक्ताबाईला. दुसरे लोकप्रिय चित्र भावाच्या पाठीवर मांडे भाजण्याचे, म्हणजे पुन्हा स्वयंपाकच! रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ‘विश्व रागें झालें वन्ही, संतीं सुखें व्हावें पाणी’ असे बजावणारी मुक्ताई त्या मानाने फारच क्वचित दिसते.

प्रतिसाद ३ :
तमिळ देशातील कारैक्काल अम्मैयार पाहाव्यात. सुमारे सहाव्या शतकातील या शिवभक्त कवयित्रीने आपले रूप देवाला परत केले, अशी कथा आहे, आणि स्वतःच्या पदांत ती स्वतःला ‘कारैक्कालचे पिशाच’ म्हणवते. चोळ शिल्पकारांनी तिला तशीच घडवली : बरगड्या मोजता येतील असे शरीर, सुकलेले स्तन, हातात टाळ. गंगैकोंडचोळपुरमच्या शिल्पात नाचणाऱ्या शिवाच्या पायाशी ती बसली आहे. तिथे शिल्पकाराने कवयित्रीचा शब्द प्रमाण मानला. आपल्याकडे मात्र चित्रकार अभंगांपेक्षा महिपतीबुवांसारख्या चरित्रकारांच्या चमत्कारकथांमागे गेले, असे मला वाटते.

प्रश्नकर्ती :
पहिल्या प्रतिसादानंतर चित्र पुन्हा पाहिले. विठ्ठलाची नजर जनाबाईकडे आहे आणि तिची जात्यातून पडणाऱ्या पिठाकडे. देव समोर बसला म्हणून तिचे दळण थांबलेले नाही. हे आजवर माझ्या लक्षात आले नव्हते. तरीही वीणा घेतलेली जनाबाई मला हवीच आहे, म्हणून माझ्या चित्रकार भाचीला अभंग लिहून पाठवला आहे आणि आषाढीच्या दिंडीत विणेकरी वीणा कशी धरतात ते नीट पाहून ये, असे सांगितले आहे.